मी खरं लिहिलं, पुढचं आपल्याकडे

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

महोदय,

गेल्या श्रावणात आम्ही भावंडांनी बदलापूर आणि वांगणीच्या मधला, उल्हास नदीकाठचा एक बंगला शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतला होता. परतल्यावर मी त्या बंगल्याबद्दल बुकिंगच्या संकेतस्थळावर अभिप्राय लिहिला. लिहावा की न लिहावा, लिहिलाच तर किती खरा लिहावा, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली, काही वेळा आवाजही चढले. त्या चर्चेतले निम्मे प्रश्न आमच्या घरात सुटण्यासारखे नव्हतेच. ते आपल्या खात्याचे होते. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर.

आधी आमचा भाग. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर ही नावं पर्यटनाच्या नकाशावर फारशी नसतात. लोकलच्या पाटीवर मात्र असतात. उल्हासनगर 1949 साली सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलं, अंबरनाथ कारखान्यांमुळे वाढलं, बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्यांमुळे. आम्ही सुट्टीला बाहेर जाणारी माणसं. आता उलटं झालं आहे. शुक्रवारी संध्याकाळी काटई-कर्जत रस्त्याला लागलेल्या गाड्या बघा, ठाणे, डोंबिवली, मुलुंड आमच्याकडे येतंय. बारवी धरणाच्या रस्त्याला, कोंडेश्वर धबधब्याच्या वाटेवर, चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याच्या गावांत भातखाचरांच्या जागी कंपाउंडच्या भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आत बंगले. कुणी हौसेने बांधलेला, कुणी गुंतवणूक म्हणून. वर्षातले बरेच दिवस रिकामा राहतो, मग भाड्याने देतात. त्यात गैर काही नाही. त्या बंगल्यांमुळे गावात टँकरवाल्याला काम मिळतं, मंडपवाल्याला मिळतं, उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराला मिळतं, वाडीवरच्या बाईला स्वयंपाकाचे पैसे मिळतात. मला हा धंदा बंद व्हायला नको आहे. तो नीट व्हायला हवा आहे.

आम्ही घेतलेल्या बंगल्याच्या जाहिरातीत निळाशार स्विमिंग पूल होता, नदीकाठ होता, सगळ्या खोल्या वातानुकूलित होत्या. प्रत्यक्षात गाद्यांना ओल होती, एका खोलीच्या छताला बुरशी होती, वीज गेली की दिवे आणि एक पंखा एवढंच चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी झाली आणि टँकर दुपारी आला. रात्री औद्योगिक वसाहतीकडून रसायनांचा उग्र वास आला. तो आम्हा स्थानिकांना नवा नाही. पण जाहिरातीत ‘शुद्ध हवा’ असं लिहिलेलं वाचून आलेल्या माझ्या पुण्याच्या बहिणीला तो नवा होता.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. कदाचित अभिप्रायही लिहिला नसता. पावसाळ्यात गादीला ओल धरते, वीज जाते, टँकर उशिरा येतो, हे ज्याचं घर या पट्ट्यात आहे त्याला कुणी शिकवायला नको. मालकाच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याला बोल लावायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य होतं.

पण त्या स्विमिंग पुलाच्या कडेला शेवाळ होतं. पाणी कुठे किती खोल आहे याची खूण कुठेही नव्हती. तीन फुटांवरून तळ एकदम खाली जात होता. भोवती कठडा नव्हता, जवळपास दोर किंवा तरंगती रिंग नव्हती. अंधार पडल्यावर वीज गेली की तो तलाव आणि अंगण यांतला फरक दिसत नव्हता. बंगल्याच्या मागे एक लोखंडी फाटक होतं, त्याला कुलूप नव्हतं आणि पलीकडच्या पायऱ्या थेट नदीत उतरत होत्या. ऑगस्टमधल्या नदीत. बरोबर लहान मुलं होती, सगळ्यात धाकटा भाचा सहा वर्षांचा. माझा भाऊ मुक्कामभर खुर्ची टाकून तलावाच्या कडेला बसून राहिला. त्याची सुट्टी त्यातच गेली. मालकाला फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं, पावसाळ्यात थोडं ॲडजस्ट करावं लागतं, आणि मुलांकडे आईबापांनी लक्ष द्यायचं असतं. दुसरं वाक्य खरंच आहे. पण कठडा बांधणं हे आईबापांचं काम नव्हे.

मग अभिप्रायाचा प्रश्न आला. खरी अडचण इथे सुरू झाली.

बंगला सांभाळायला एक जोडपं होतं, जवळच्या ठाकूरवाडीतलं. कंपाउंडच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहणारं. बाईंनी आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या आणि कर्टोलीची भाजी करून घातली. त्या जेवणाबद्दल माझी आई अजून बोलते. त्यांचा नवरा रात्री पावसात भिजत जनित्र चालू करायचा प्रयत्न करत होता, ते मालकाने दुरुस्तच करून घेतलेलं नव्हतं. निघताना बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, मोबाइलवर वाईट नका लिहू. स्टार कमी आले की शेठ आमच्या पगारातून कापतात.’

हे वाक्य ऐकल्यावर तुम्ही काय केलं असतं, मंत्रिमहोदय?

आईचं मत स्पष्ट होतं. कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा, झालं गेलं, आपली पोरं सुखरूप घरी आली. आमच्या पिढ्यान् पिढ्या याच वळणावर वाढल्या आहेत. लग्नाच्या पंगतीत भाजी खारट असली तरी यजमानाला सांगायचं नाही, नातेवाइकाकडे गैरसोय झाली तरी ‘छान झालं सगळं’ म्हणायचं. हे वळण चांगलंच आहे, मी त्याची थट्टा करणार नाही. फक्त ते यजमानासाठी आहे. पैसे घेऊन जागा देणाऱ्याला आपण घरच्या यजमानासारखं वागवू लागलो, की तो जाहिरातीत काहीही लिहायला मोकळा राहतो.

मेहुण्यांना भीती नोटिशीची होती. ती अगदीच निराधार नाही. थायलंडच्या कोह चांग बेटावर एका रिसॉर्टबद्दल वाईट लिहिलं म्हणून 2020 साली एका अमेरिकन पाहुण्याला अटक झाली होती. माफी मागितल्यावर प्रकरण मिटलं. आपल्याकडे अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा आजही आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आला. पण त्याच कलमाला अपवाद आहेत. खरी असलेली आणि लोकहितासाठी सांगितलेली गोष्ट ही बदनामी होत नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला सावधगिरीचा इशाराही होत नाही. मी मेहुण्यांना सांगितलं, मला जे दिसलं तेवढंच लिहीन आणि फोटो जपून ठेवीन. ‘हा माणूस लुच्चा आहे’ हे माझं मत झालं, ते लिहिणार नाही. ‘कठडा नाही’ हे कुणीही जाऊन बघू शकतं, ते लिहीन.

बहिणीचा प्रश्न सगळ्यात सरळ होता. आपल्यानंतर पुढच्या शनिवारी जे कुटुंब येईल, त्यांच्याबरोबर खुर्ची टाकून बसणारा मामा असेल का?

त्याच आठवड्यात मालकांचा निरोप आला. झालेल्या त्रासाबद्दल काही रक्कम परत करतो, पाच स्टार तेवढे द्या. मला या निरोपाचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पैसे माझ्या गैरसोयीचे होते, ते त्यांनी विनाअट परत करायला हवे होते. पाच स्टार मात्र माझे नव्हतेच. पुढे येणाऱ्या माणसाला मी दिलेला तो शब्द होता. तो मी विकला असता तर किंमत त्यांच्याकडून घेतली असती आणि माल दुसऱ्याच्या पदरात खोटा पडला असता.

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये कापड घेणारी बाई आधी ताग्याची घडी मोडते, दोन बोटांत कापड चोळून बघते, मगच भाव करते. सुट्टीचं घर असं चोळून बघता येत नाही. पैसे आधी भरायचे, घर नंतर दिसतं. आधी जाऊन आलेल्या माणसाचं लिहिणं हाच तेवढा आपला हात. म्हणूनच त्या लिहिण्यातला खोटेपणा किरकोळ नसतो.

आणि तो किती पसरला आहे याचाही अभ्यास झालेला आहे. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली एअरबीएनबी या घरं भाड्याने मिळणाऱ्या संकेतस्थळावरच्या लाखो घरांचे अभिप्राय तपासले, तेव्हा सुमारे 95 टक्के घरांना सरासरी साडेचार किंवा पाच स्टार होते. सगळीच घरं इतकी चांगली असतील तर स्टार कशासाठी? पाहुणा आणि यजमान यांनी एकमेकांना घाबरून गोड लिहू नये म्हणून त्या कंपनीने 2014 पासून दोघांचे अभिप्राय एकाच वेळी उघड करायला सुरुवात केली होती. तरीही ही स्थिती. माणसाला समोरच्याला दुखवायचं नसतं. अमेरिकेत नसतं, बदलापुरात नसतं.

आपल्याकडे कागदावर पुष्कळ आहे, हे मी मान्य करते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींविरुद्ध दाद मागू देतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन स्वतःच्याच सेवेचे अभिप्राय लिहायचे नाहीत. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक काढलं, आयएस 19000. ते पाळणं मात्र ऐच्छिक ठेवलं. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्राने ग्राहक चळवळीत देशाला पुष्कळ दिलं आहे.

पण हे सगळं फसवणूक झाल्यानंतरचं आहे. दोन दिवसांच्या भाड्यासाठी ठाण्याच्या ग्राहक आयोगात खेटे कोण घालणार? आणि उघड्या तलावात मूल पडल्यानंतर आयोग काय भरपाई देणार? कर्जत, नेरळ, बदलापूर या पट्ट्यात सहलीला आलेलं कुणी बुडाल्याची बातमी दर पावसाळ्यात वाचावी लागते. ठाण्याचे जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधबे आणि नदीपात्रांवर बंदीचे आदेश काढतात, कोंडेश्वरला पोलीस उभे राहतात. मग त्याच नदीच्या काठावर, खासगी कंपाउंडच्या आतल्या पायऱ्यांवर कोण उभं राहतं? तिथे फक्त मी लिहिलेला अभिप्राय असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, महोदय. तपासणी अधिकाऱ्याने करायचं काम आज पाहुण्याच्या अभिप्रायावर सोडलेलं आहे. आणि अभिप्राय तरी कसा? गादीची ओल आणि तलावाचा कठडा एकाच पाच स्टारांत मोजायचे. ठाकूरवाडीतल्या बाईंची भाकरी आणि मालकाचा निष्काळजीपणा यांची एकच सरासरी काढायची. मी कमी स्टार दिले तर बाईंचा पगार कापला जातो, जास्त दिले तर पुढच्या मुलाचा जीव टांगणीला लागतो. या दोहोंतलं एक निवडायची वेळ कुठल्याही पाहुण्यावर का यावी? ही माझ्या विवेकाची परीक्षा असेल तर मी ती दिली. पण ही परीक्षा मुळात माझी नव्हती.

मी काय लिहिलं तेही सांगते. पहिल्या ओळीत तलाव आणि फाटक: कठडा नाही, खोलीची खूण नाही, नदीकडचं फाटक उघडं, लहान मुलं असतील तर हे दुरुस्त झाल्याची खात्री करूनच जावं. मग पाणी, वीज आणि गाद्या, थोडक्यात. रसायनांच्या वासाबद्दल लिहिताना तो परिसराचा आहे, बंगल्याचा नाही, हेही लिहिलं. आणि शेवटी सांभाळणाऱ्या जोडप्याबद्दल स्वतंत्र परिच्छेद: त्यांनी जे केलं ते उत्तम केलं, जे कमी पडलं ते दुरुस्तीच्या खर्चाचं होतं आणि तो खर्च त्यांच्या हातात नव्हता. हे प्रसिद्ध करण्याआधी मी ते शब्दशः मालकांना पाठवलं आणि कठडा बसवला तर तसं जोडून लिहीन असं कळवलं. उत्तर आलं नाही. मग प्रसिद्ध केलं. त्या जोडप्याच्या पगाराचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि ते मला रोज बोचतं.

आता मागणी. ती तीन गोष्टींची आहे आणि तिन्ही आपल्या अधिकारात येतात.

पहिली नोंदणीची. राज्यात निवास-न्याहारी योजना आहे, 2020चं कृषी पर्यटन धोरण आहे, साहसी पर्यटनासाठी 2021 साली धोरण आलं आणि त्यात नोंदणी आली. दोराला लटकवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते हे योग्यच आहे. पण आमच्या रस्त्यावर दर शनिवारी तीस-तीस माणसं उतरतात असे बंगले आहेत, त्यांच्या पाटीवर किंवा जाहिरातीत कुठलाही क्रमांक दिसत नाही. शेजारच्या गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे. महाराष्ट्रातही अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक बंगल्याला पर्यटन संचालनालयाचा क्रमांक असावा, आणि तो क्रमांक नसलेली जाहिरात कुठल्याही संकेतस्थळाने घेऊ नये. नोंदणी स्वस्त ठेवा, अर्ज एका पानाचा ठेवा. ज्याची एकच खोली आहे त्या शेतकऱ्याला ती जड होता कामा नये.

दुसरी पाण्याची. तलावाला कठडा, खोलीच्या खुणा, रिंग आणि वीज गेल्यावरही चालेल असा दिवा, एवढं पाहिल्याशिवाय तो क्रमांक देऊ नये. नदीकाठच्या बंगल्याच्या जाहिरातीत तो पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे ठळक लिहायला लावावं. पाटबंधारे खात्याची निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण उल्हास नदी आमच्याकडे असा हिशेब पाळत नाही. 26 जुलै 2005चा पूर आम्ही पाहिला. 27 जुलै 2019 रोजी याच बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून, दोरांच्या आधाराने बाहेर काढावं लागलं. आसपासच्या गावकऱ्यांनी त्या दिवशी केलेली मदत राज्याने पाहिली आहे. ज्या पट्ट्यात आगगाडी पुरात अडकली, त्याच पट्ट्यातला बंगला ‘निवांत नदीकाठ’ म्हणून पुराचा एक शब्दही न लिहिता विकला जातो.

तिसरी त्या बाईंची. संचालनालयाने एक साधा फोन क्रमांक द्यावा, ज्यावर पाहुण्याला सुरक्षेची बाब थेट कळवता येईल, स्टार न देता, जाहीर न करता, आणि त्यावर कुणीतरी जाऊन बघेल. तसं झालं तर तलावाबद्दलचं माझं म्हणणं तलावापाशीच पोचेल, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याच्या पगारापर्यंत जाणार नाही. आणि बंगल्याच्या नोंदणीतच तिथे काम करणाऱ्याचं नाव आणि ठरलेलं वेतन लिहून घ्यावं, म्हणजे अभिप्रायावरून ते कापता येणार नाही.

पुढच्या जूनमध्ये पाऊस सुरू होईल, आणि पहिल्या शनिवारीच गाड्या काटई नाक्यावरून आत वळतील. आपलं खातं त्याआधी यातलं काय करणार आहे, ते कळवावं. आपलं उत्तरही मी या पत्राप्रमाणेच जाहीर करीन, ज्यात जेवढं असेल तेवढं, शब्द न बदलता.

आपली,
अंबरनाथ (पूर्व) येथील एक रहिवासी